सर्वानुमते

रस्त्याला खड्डे होते तोवर
गतिरोधकाची गरज कुणालाच नव्हती.
सिंहस्थाच्या निधीतून डांबर पडलं
आणि गल्ली अशी तुळतुळीत झाली
की जेलरोडचा सिग्नल चुकवणारं जे ते
आमच्या दारावरून सुसाट जाऊ लागलं.
द्राक्षांचे पिकअप, क्लासला उशीर झालेली पोरं,
आणि, हे सभेत कुणी बोललं नाही,
आमच्याच गल्लीचे जावई.

मग कोठावदेंच्या नातीची सायकल गेली.
पोरगी वाचली.
घंटी तेवढी गटाराच्या जाळीत सापडली,
दाबली तर अजून वाजत होती.

सभा भरली पार्किंगमध्ये, रविवारी, मिसळीनंतर,
म्हणजे सगळे थोडे सुस्त, थोडे जळजळत.
इतिवृत्त माझ्याकडे.
प्रेसमध्ये एकतीस वर्षं नोटा मोजल्या मी,
मोजणी कधी चुकली नाही, म्हणून.

खैरनार म्हणाले, दोन हवेत.
निकुंभ म्हणाले, तीन, आणि वर पांढरे पट्टे.
आहिरराव म्हणाले, हवाच, पण माझ्या गेटसमोर नको,
रात्री ट्रक आदळला की भिंतीवरची तसबीर तिरकी होते.
दुसाने मॅडम म्हणाल्या, आमच्यासमोर तर उतार आहे.
उतार? चेंडू ठेवून पाहिला.
चेंडू हलला नाही.
तरी उतार आहे, असं ठरलं.

ज्याला त्याला हवा होता
दुसऱ्याच्या झोपेवर एक उंचवटा.

शिरुडे वहिनी मागे खांबाला टेकून, हातात पिशवी.
त्या बोलताहेत हे आधी कुणाला कळलंच नाही.
ह्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेते.
येताना रिक्षा कुठे कुठे उडते, मला पाठ आहे.
बिटको ते घर, अकरा.
म्हणजे आता बारा होणार का,
एवढंच विचारायचं होतं.

कुणीतरी खुर्ची पुढे सरकवली.
कुणीतरी म्हणालं, हल्ली रबरी मिळतात.
कुणीतरी मोबाइल उलटा ठेवला.

मग बागुलांच्या मुलाला सुचलं:
चौदा नंबरसमोर टाका.
चौदा नंबर सहा वर्षं बंद. माणसं कॅनडात.
कुलपालाही आता गंज चढून कंटाळा आलेला.
हरकत घ्यायला तिथे कुणी नाही!
इतकं हायसं वाटलं सगळ्यांना
की चहा दुसऱ्यांदा आला.

हात वर झाले. मी मोजले.
तेवीस माणसं, बावीस हात.
लिहिलं: ठराव सर्वानुमते मंजूर.

महापालिकेची माणसं आली,
नियमात बसत नाही म्हणून गेली,
नगरसेवकाचा फोन घेऊन परत आली,
आणि एका दुपारी
नियमापेक्षा चार बोटं उंच
असा तो थापून गेली.

आता रात्री गाड्या तिथे दबकतात.
पुढचं चाक चढलं की हेडलाइट वर उचलला जातो,
चौदा नंबरच्या खिडकीवरून उजेड सरकतो,
स्वयंपाकघराकडे जातो, विझतो.
पाहणाऱ्याला वाटावं,
घरात कुणी पाणी प्यायला उठलंय.
आम्ही कॅनडाला कळवलेलं नाही.

मंगळवार, गुरुवार, शनिवार,
साडेचारच्या सुमाराला अश्पाकची रिक्षा येते.
उंचवट्याआधी तो पूर्ण थांबतो,
मागे वळून एकदा बघतो.
वहिनींचा हात नवऱ्याच्या कमरेमागे गेलेला असतो.
मग रिक्षा तिरकी घेतो, गोगलगाईसारखी.
पाठीमागे हॉर्न पेटतात.
खैरनारांचाही असतो त्यात कधीकधी.

मी गॅलरीत असतो. काम काही नसतं.
चाकं मोजतो.
एक.
दोन.
तिसरं उतरेपर्यंत
श्वास धरून ठेवतो.