मिठाची पेटी

हिंगण्याच्या एमआयडीसीत, चार नंबरच्या शेडमागे
फ्रीजएवढ्या एका पेटीत मी समुद्र ठेवते.
पंच्याण्णव भाग डिस्टिल्ड पाणी, पाच भाग मीठ,
तापमान पस्तीस.
मे महिन्यात बाहेर सेहेचाळीस असतं, तेव्हा
नागपुरात त्यातल्या त्यात गार जागा
म्हणजे समुद्रच.

आत खारं धुकं फिरतं, रात्रंदिवस,
धुक्यात टांगलेले पोलादाचे तुकडे,
बोटभर रुंद, पाठीवर नंबर कोरलेले.
हजार तास. एकेचाळीस दिवस आणि वर सोळा तास.
तुकडा टिकला की त्याच वितळीचे पाईप
ट्रेलरवर चढून किनाऱ्याला जातात,
जिथे खरा समुद्र सत्तर बारच्या दाबाने
पडद्यांवर घालतात,
आणि पलीकडून गोडं पाणी निघतं,
शंभरातलं चाळीस.

मी समुद्र पाहिलेला नाही.
सांगायला लाज वाटते,
सतराशे पाईपांवर माझी सही आहे.

पाईपाच्या पोटात पहिलं पाणी मात्र आपलं जातं,
पेंचचं, टँकरमधून उतरवलेलं.
एकशे पाच बार, तीस मिनिटं,
काटा हलता कामा नये.
निखाडे काट्याकडे बघत नाहीत. दूर स्टुलावर बसून
वेल्डाकडे कान देतात.
‘पाणी खोटं बोलत नाही बाई,
जागा असली का निघतेच.’
मग ते पाणी आम्ही गेटजवळच्या कडुनिंबाला सोडतो.
एवढ्या दाबातून आलेलं पाणी पिऊन
झाड काही वेगळं वागत नाही.

रुपेश नंदेश्वर पाईपांबरोबर गेला होता,
पंधरा दिवसांसाठी.
तीन वर्षं झाली, तिथेच शिफ्टमध्ये आहे.
रात्री दोनला फोन करतो:
मॅडम, आज जेलीफिश आले, ढीगच्या ढीग,
तोंडावरच्या जाळ्या बंद, सहा तास शहर कोरडं.
मॅडम, हजार लिटरला साडेतीन युनिट वीज खातंय हे,
त्यात आपल्या कोराडीची किती असंल?
मी खिडकीतून त्या बाजूला बघते.
चिमण्या इथून दिसत नाहीत,
पण अंदाजाने मान तिकडे वळते.

मारबतीला तो सुट्टीवर आला,
बॅगेतून दोन बाटल्या काढल्या.
पहिली आम्ही वाटून प्यायलो, चहाच्या कपांतून.
निखाडेंनी तोंडात घोळवलं, गिळलं.
‘चवच नाही का बे याले?’
रुपेश म्हणाला, चव मागाहून घालतात, चुना वगैरे.
दुसरी बाटली उरलेल्या साठाची.
सगळं मीठ ज्यात राहून जातं
आणि जे परत समुद्रात सोडतात.
मी बोट बुडवून जिभेला लावलं.
पहिल्या बाळंतपणातली सलाइनची रात्र आठवली, का कोण जाणे.

ते पाणी फेकवेना.
पेटीत नाही घातलं, पेटीचे नियम असतात.
डब्यात ओतून, बल्बखाली ऊब देऊन
त्यात एक तुकडा ठेवला, परत सोडायच्या पाईपाचा.
ते पोलाद स्वस्तातलं; तिथे दाब नसतो
म्हणून कोणी हट्ट धरला नव्हता.
नवव्या दिवशी कडेला एक ठिपका,
सुईने टोचल्यासारखा.
भिंग लावलं. ठिपका आत जात होता.

प्रमाणात ही चाचणी बसत नाही.
रिपोर्टमध्ये तिला रकाना नाही.
मी साध्या कागदावर लिहिलं, तारीख घातली,
खरेदी विभागाला पाठवलं, एक प्रत किनाऱ्याला.
उत्तर आलं: कृपया मंजूर प्रमाणपत्र क्रमांक कळवावा.
फाईल काढली. प्रमाणपत्र गेल्या वर्षीचं,
खाली सही माझीच.

बाटली अजून खिडकीत आहे, बूच सैल.
मीठ काठावरून बाहेर आलंय,
काचेवरून खाली उतरतंय, पांढरं, चिकट,
रोज थोडं.
निखाडे जाता येता विचारतात,
‘फेकून काऊन नाही देत?’
मी नखाने थोडं खरवडते,
उद्या परत तितकंच असतं.