पाचाच्या जागी बारा

जेवणाच्या टेबलावरचे पावाचे कण पुसून
मी कॅबिनेट आडवं ठेवलं.
रुस्तावी, सातवा मजला. लिफ्ट परवापासून बंद.
बाबा खुर्ची उलटी करून बसला,
तिच्या पाठीवर हनुवटी टेकवून.
झाउरी, निवृत्त लाइनमन.
कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणतो,
आणि लगेच विचारतो, "भार किती?"

पॉवर सप्लाय वापरलेला घेतला मी,
तिबिलिसीत, एका तळघरातल्या दुकानातून.
दुकानदाराने फुंकर मारली, धूळ माझ्या डोळ्यांत.
"केबल्स सगळ्या आहेत ना?"
"सगळ्या."
एक नव्हती.

चोवीस पिनांचा जाड जुडगा आधी.
तो दाबताना मदरबोर्ड किंचित वाकतो,
पोटात गोळा येतो,
मग खिट्टी बसते. टक्.
बाबाने मान डोलावली. एवढी भाषा त्याला येते.

प्रोसेसरची केबल मागून न्यायची असते,
वरच्या कोपऱ्यातल्या भोकातून, पंखा बसवायच्या आधी.
मी पंखा बसवून मोकळी.
आता माझी बोटं शिरेनात,
त्याच्या बोटांचा तर प्रश्नच नव्हता.
तो उठला, आतून आईचा भुवयांचा चिमटा घेऊन आला.
आई इटलीत, बारीला, कुणाच्या तरी आईला आंघोळ घालते.
चिमटा इथेच राहिलाय.

ग्राफिक्स कार्डला सहा आणि दोन.
धाकट्या दोघांना थोरल्या सहांना बिलगवून
एकदमच आत ढकलायचं,
नाहीतर ते रुसून दाराबाहेर उभे राहतात.

उरली जुनी डिस्क.
तिच्यावर अकरा वर्षांची आई आहे,
कधी अडखळत, कधी नुसतीच गोठलेली,
तोंड उघडं, मागे कुणाचं तरी संगमरवरी स्वयंपाकघर.
आणि हिचीच केबल नव्हती.

जुन्या सप्लायची होती.
तेवढीच तोंडं, तोच काळा रंग.
सप्लायमध्ये खोचली. टक्. हुबेहूब.
"बसली!"
"बसते म्हणून लावायची नसते," बाबा म्हणाला.

मग चौऱ्याण्णवचा हिवाळा.
मला वाटलं, आता रॉकेलच्या शेगडीपासून सुरू होणार.
पण त्याने फक्त ओतारीचं सांगितलं.
खालची तार बंद आहे, असं कागदावर होतं.
कागद खोटा नव्हता.
रात्रीतून कुणीतरी तारच बदलली होती,
आपल्या घरात एक बल्ब लागावा म्हणून.
ओतारी खांबावर चढला.
पुढचं बाबा कधीच सांगत नाही.
ओतारीची पक्कड आमच्या ड्रॉवरमध्ये आहे,
तिने आम्ही अक्रोड फोडतो.

त्याने मीटर काढला, त्याचा, पिवळा, टेप गुंडाळलेला.
मदरबोर्डची केबल पुन्हा सोडवायला लावली मला,
बाकीच्याही. मी चरफडले.
हिरवी वायर आणि काळी वायर
माझ्या केसांच्या पिनेने जोडली.
सप्लायचा पंखा फिरला.
"इथे किती यायला हवेत?"
मी फोनमध्ये पाहून सांगितलं, "पाच."
त्याने टोकं टेकवली
आणि मीटर माझ्याकडे वळवला.

बारा पूर्णांक शून्य आठ.

बारा वाजले असते, शब्दशः.
मी काहीच बोलले नाही.
तोही नाही. त्याला जिंकल्याचा आनंद होतो तेव्हा
तो नाक ओढतो. तसं ओढलं नाही.
केबल उपटून तिच्या मधोमध गाठ मारली,
टेपच्या तुकड्यावर लिहिलं "परकी",
आणि पक्कडीशेजारी ठेवून दिली.

डिस्क आज माझ्या लोकरी मोज्यात झोपेल.
योग्य केबल मिळेल तेव्हा मिळेल.

बाकीचं सगळं पुन्हा जोडलं. टक्, टक्, टक्.
मोजत होता तो, ओठ हलवून.
बटण दाबलं.
पंखे फिरले, एक निळा दिवा,
मग पडद्यावर पांढरी अक्षरं.
मी वाचत होते. बाबा मात्र
खिडकीपाशी जाऊन उभा राहिला,
समोरच्या इमारतीकडे बघत,
कुणाचा दिवा तर मंदावला नाही ना.