प्रश्न सातवा

मुरारला, दवाखान्याच्या मागच्या हॉलमध्ये
तीन दिवसांची उजळणी.
जानेवारी. हीटर एकच, तोही सरांच्या पायाशी.

इंदुताई फाळके, निवृत्तीला अकरा महिने,
पदराने चष्मा पुसून वाचतात:
आई लस नाकारते. तुम्ही काय कराल?
अ, ब, क, ड.

त्यांना दिसते एक कडी,
आतून लावलेली,
आणि आतलं ते खोकणं.

चारही चौकोन कोरे ठेवून
समासात लिहितात:
आधी प्यायला पाणी मागते.
पाणी दिल्यावर बाई दार लोटत नाही.

उत्तर चूक. प्रमाणपत्रावर नाव ‘फालके’,
इथे ‘ळ’ कुणाला लिहिता येतो?

निघताना तरुण सर जिन्यापाशी गाठतात,
"आणि पाणीही नाही दिलं तर?"

"तर उद्या पुन्हा तहान लागते."