वऱ्हाडाचं भुयार

हिवरवंडीच्या गढीखाली भुयार आहे.
थेट धारूरच्या किल्ल्यात निघतं, असं गाव सांगतं.
धारूरवाले म्हणतात, औशाला.
एकदा एक वऱ्हाड जवळची वाट म्हणून त्यात शिरलं:
नवरा, नवरी, बैलं, बुंदीच्या कढया,
सगळ्यांच्या पुढं हलगी घेऊन सटवा.
बाहेर कुणीच आलं नाही.
अवसेला जमिनीला कान लावा, म्हणतात,
अजून वाजायलंय.

मी भूजल खात्याचा माणूस.
टेप, बॅटरी, हेल्मेट,
आणि भ्यायलो तरी दाखवायचं नाही अशी नोकरी.
एकेचाळीस फुटांवर भुयार संपलं.
पुढं चुन्याची ओली भिंत,
भिंतीत फुटका खापरी नळ,
नळातून थेंब, थेंबाखाली पालथा रांजण.
टण्ण. टण्ण.
मग जरा थांबून, घाईघाईनं दोनदा.
बॅटरी विझवून तिथंच बसलो.
खरं सांगायचं तर
ठेका होता.

अहवालात लिहिलं: भुयार नव्हे, पाण्याची टाकी.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं.
पण केजचे निसार मास्तर,
निजामाच्या वेळचं दफ्तर वाचणारे आता तेवढेच उरलेत,
त्यांनी वाळवीनं कुरतडलेलं एक पान
श्वास धरून उलटलं.
फसली तेराशे सहा. हैजा.
हिवरवंडीच्या ओढ्याकाठी अडकलेलं वऱ्हाड.
वेस आतून बंद.
तीन दिवसांनी मयत एकोणीस.
नवऱ्याचं नाव आहे. चुलत्याचं आहे.
नवरी नुसती अमक्याची मुलगी.
बैलं किती, तेही आहे.
आणि शेवटच्या ओळीत
‘बाजेवाले, चार’.

मास्तरांनी चष्मा पुसला, पान पुन्हा वाचलं.
चारच. पुढं शाईचा डाग.

आता हे माझं, दफ्तरात नाही:
ज्यांना गावानं वेशीच्या आत घेतलं नाही,
त्यांना गोष्टीत आत घेतलं,
इतकं आत
की परत बाहेर येऊन काही विचारता येऊ नये.

केवळाबाईला सांगितलं.
ती सुपात करडई पाखडत होती, हात थांबला नाही.
म्हणाली, सटवा माझ्या आज्याचा चुलता.
तुमच्या कागदात हाय का त्याचं नाव?
न्हाई, म्हणालो.
मग? भुयारात हाय की.
आणि सूप आपटलं,
कोंडा माझ्या अंगावर उडाला.

दुसरा अहवाल पाठवला, नावासकट.
वरून शेरा आला: ‘विषयाशी संबंध नाही.’
फेब्रुवारीत गाळ उपसायचं काम निघालं.
मजुरांनी रांजण उचलून गढीच्या ओट्यावर ठेवला,
आता त्यात कुणीतरी कोरफड लावलीय.
थेंब पाण्यातच पडतो, आवाज होत नाही.
मी स्वतः मोजणी करून पाहिलंय.

गावाला अवसेला ऐकू येतंच.
मलाही एकदा आलं, मार्चमध्ये,
एस.टी. चुकली आणि मुक्काम पडला तेव्हा.
पण त्या रात्री माझ्याकडं टेप नव्हता,
तेव्हा माझं धरू नका.