बाकूच्या बुलवारवर दोन तास

दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन तास
काही खायचं नाही, प्यायचं नाही, बोलायचंही बेतानं.
म्हणून बस सोडून दिली
आणि उतारावरून चालत आलो बुलवारवर,
कॅस्पियनच्या काठी,
अर्धा चेहरा दुसऱ्याच कुणाचा घेऊन.

आज खझ्री सुटलाय.
उत्तरेच्या या वाऱ्याला इथे नावानं हाक मारतात,
शेजारच्या द्वाड पोराला मारावी तशी.
ऑलिव्हची झाडं पानांची रुपेरी पाठ दाखवतायत
आणि पाण्याला तो जुना खनिज तेलाचा वास,
परगावी गेल्यावर आम्हा बाकूकरांना ज्याची आठवण येते
आणि कुणाला सांगायची सोय नसते.

चहाखान्यात म्हातारे नर्द खेळतायत.
फासे आपटतात, शेश-बेश!,
नासपतीच्या घाटाचे पेले थरथरतात,
कुणीतरी चेरीच्या मुरंब्यातली बी
बोटांनी काढून बशीच्या कडेला ठेवतं.
मी नुसता बघतो.
ओठ माझा नाही.

घाटाच्या पायऱ्या पाण्यापर्यंत पोचत नाहीत आता.
शेवाळाची काळी रेघ तेवढी राहिलीय भिंतीवर,
त्याखाली शिंपले, बाटलीचं बूच, एका बुटाचा तळवा.
एक मुलगा बापाला विचारतो, बाकीचं पाणी कुठाय?
बाप फोनवर आहे. इराणकडे, असं काहीसं म्हणतो.

कठड्यापाशी अगासफ, त्याचा वजनकाटा,
कुठल्यातरी मोडीत निघालेल्या दवाखान्यातला,
पांढऱ्या रंगाचे टवके उडालेला,
दांडीवर वजनं सरकवायची.
एका वेळचे वीस गॅपिक.
वाऱ्याच्या दिवशी तो गिऱ्हाइकाच्या पाठीशी
हात धरतो, न टेकवता,
वाऱ्याचा भार माणसाच्या नावावर पडू नये म्हणून.

माहलिगा खानम आल्या. अंगात पुरुषी कोट,
बाह्या दोनदा दुमडलेल्या.
काट्यावर चढल्या.
अगासफचा हात सवयीनं शंभराच्या वजनाकडे गेला,
थबकला,
मग खट्, खट्, मागे, एकेक खाच मागे.
एकसष्ट.

दोघं एकदमच चढायचे, दर गुरुवारी,
वीस गॅपिक वाचवायला.
ती पुढे, मागे उस्ता बालागा,
तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून.
एकशे चव्वेचाळीस.
त्यातलं कुणाचं किती, कधी विचारलं नाही.

अगासफनं वही काढली, ओलीने फुगलेली.
काहीतरी द्यावंसं वाटलं असणार त्याला.
पेन्सिल कानामागून काढून हिशेब मांडला.
"त्र्याऐंशी," तो म्हणाला.
"त्र्याऐंशी किलो भरायचा तुमचा उस्ता."

तिनं वहीत डोकावून बघितलं.
शाळेत गणित शिकवलं असावं तिनं,
तशा आवाजात म्हणाली,
"चुकलं. तेव्हा मी एकसष्ट कुठे होते?"

मग पाकीट उघडलं,
चाळीस गॅपिक त्याच्या तळहातावर ठेवले,
मोजून, नाणं नाणं.
तो नको नको म्हणत राहिला.
ती बंदराच्या दिशेनं निघालीसुद्धा,
खझ्रीत तो मोठा कोट
तिच्या आधी वळत होता.

अगासफनं वजनं शून्यावर आणली.
दांडी थोडा वेळ हललीच.

मला काही म्हणायचं होतं त्याला.
तोंडातून नुसती लाळ आली,
ती रुमालानं पुसली.

दोन तास व्हायला अकरा मिनिटं बाकी असताना
ओठात मुंग्या आल्या, मग ठणका.
मी चहा मागवला.
जीभ भाजली,
एकाच बाजूला.