डबीतला कापूस

तीस गोळ्यांची डबी पिशवीत वाजते.
जळगावहून चोपडा, दुपारची एसटी,
खड्डा आला की खुळखुळ,
आणि शेजारची बाई हमखास विचारते,
काय शे व, मुखवास?

म्हणून मी कापूस भरते.
वेचणीला गेलं की ओच्यात दोन बोंडं उरतातच.
सरकी काढायची, बोटांनी पिंजायचा,
झाकणाखाली दाबून बसवायचा.
मग गोळ्या गप्प.
मीही गप्प. चौदा वर्षं.

भटू केळीचा ट्रक घेऊन दिल्लीला जायचा.
काय घेऊन आला ते त्यालाही ठाऊक नव्हतं.
मला पाचवा महिना. दवाखान्यातल्या बाईनं दंडाला रबर बांधलं,
सगळ्याच गरोदर बायांचं तपासतो, म्हणाली,
आणि तिसऱ्या दिवशी दार लावून घेतलं.

सासूनं माझा पेला वेगळा काढला,
नेलपॉलिशची खूण करून खिडकीत ठेवला.
पावरा सर घरी आले, त्यांनी तोच उचलला,
माठातलं पाणी गटागटा प्याले.
सासू त्यांच्याकडे बघत राहिली.
पुढच्या महिन्यात ते परत आले तेव्हाही बघत राहिली.

निरोधचं सांगायचं होतं भटूला.
लाकडी नमुना कपाटात, कपाटाची किल्ली रजेवर.
सर म्हणाले, केळीच्या मुलखात अडून बसायचं का?
बाहेरच्या गाडीवरून एक आणलं,
टोक चिमटीत धरून दाखवलं, आत हवा राहता कामा नये.
भटू हसला. म्हणाला,
सर, माल कच्चा आहे, दिल्लीपर्यंत टिकेल.
मग एकदम रडला.
कोणता ढाबा, कोणतं साल, आठवत बसला.

चार महिने त्यानं गोळ्या घेतल्या.
अंग भरलं, बरं वाटलं, सोडल्या.
गोळ्या आहेत म्हणून बरं वाटतंय रे,
मी म्हणायचे, ताट वाढताना, गाडी सुटताना.
गावाला आम्ही टीबी सांगितला.
खोटं नव्हतं ते. अर्धं होतं.

हर्षाली जन्मली, तिच्या जिभेवर औषधाचे थेंब,
रोज, सहा आठवडे.
मग दीड वर्ष तिच्या प्रत्येक शिंकेला मी दचकले.
शेवटी कागदावर लिहून आलं: नाही.
तो कागद मी लग्नाच्या शालूत ठेवलाय.

माझ्या रक्तातही आता तो मशिनीला सापडत नाही.
आहे, पण सापडत नाही.
गोळी चुकवली नाहीस
तर नव्या नवऱ्यालाही लागणार नाही, सर म्हणतात.
मी म्हणते, आधी नवरा तर सापडू द्या.

गेल्या महिन्यात सिव्हिलच्या बाकावर
कोकिळाबाई. आमच्याच गल्लीतली, गिरणीवाली.
तिनं पदर ओढला. मी खांब बघू लागले.
‘दात दाखाडाले उनू,’ ती म्हणाली.
‘मी डोया,’ मी म्हणाले.
दातांची खोली पलीकडच्या इमारतीत,
डोळ्यांची वरच्या मजल्यावर,
आणि आम्ही दोघी एकाच रांगेत, हातात सारखीच हिरवी वही.

परतीला एकाच बाकड्यावर बसलो.
विदगावच्या पुलावर खाली तापी आली.
तिची पिशवी गप्प, माझी गप्प.
मी हळूच विचारलं, कापूस?
नही व, ती म्हणाली, चिंधी.

एवढं हसलो की कंडक्टर मागे आला.
तिनं चिंधी ओढून काढली. मी कापूस.
खड्डा आला.
पुढचा फेटेवाला वळून म्हणाला,
काय वाजस हाई?

गोया शेतस भाऊ, रातले एक.

कसान्या?

कोकिळाबाईनं माझा हात धरला.
धानोरा यायला अजून वेळ होता.
मी सांगायला घेतलं.