हातचा एक

दस्तगीरमामूच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती.
एवढं खरं धरून चाला,
गणितात धरतात तसं.
पुढचं पुढं बघू.

कपिलतीर्थ मंडईत, पायरीपासून तिसरा गाळा,
दोरीला टांगलेले घड,
आणि चार बोटांनी फणी तोडणारा हात
इतका सफाईदार, की पाचवं बोट
देवानं माणसाला उगाच जास्तीचं दिलंय असं वाटायचं.
मी चौथीत. बेरजेत कच्चा.
बाई म्हणायच्या, हातचा धरायला विसरतोस.
मामू मला डझनावर एक केळं जादा द्यायचा,
गोष्ट ऐकून घेतल्याबद्दल.

"तुला म्हनून सांगतो,"
असं तो सगळ्यांनाच म्हणायचा.

करंगळी बावड्याच्या गुऱ्हाळात गेली,
चरकात ऊस सारताना.
"दुखलं न्हाई लगा. फकस्त त्या आदणाचा गूळ
जरा तांबूस उतरला.
व्यापाऱ्यानं चढा भाव दिला."
मी महिनाभर गूळ खाल्ला नाही.

दिवाळीनंतर तीच करंगळी पंचगंगेत गेली,
घाटाच्या खालच्या अंगाला, सुसरीच्या तोंडात.
"मग गुऱ्हाळ?"
त्यानं माझ्याकडं असं पाहिलं
की गुऱ्हाळाची थाप जणू मीच मारली होती.
"ते डाव्या हाताचं," म्हणाला,
आणि डावा हात वर केला. पाच बोटं.
"परत फुटलं. पालीचं शेपूट न्हाई फुटत?"

मला सर्वात आवडायची ती स्टुडिओची.
नायकाच्या हाताला म्हणे कंप होता,
अंगठीचा सीन अडला होता,
तर मंडईतनं मामूला जीपमध्ये घालून नेलं.
"पडद्यावर बोट माझं. तीन आठवडे हाउसफुल.
पेटी पुण्याला गेली ती गेलीच,
आणि तिच्यासंगं हे बी."
अंगठी करंगळीत घालतात का, मी विचारलं.
"नायिका नवी होती," मामू म्हणाला,
"गडबडली."

मामू गेला तेव्हा मी इचलकरंजीला, बँकेत.
धावत आलो. मूठभर माती दिली.
कब्रस्तानाच्या फाटकाशी मुनीर, त्याचा थोरला,
खांद्यावर हात ठेवून हळू म्हणाला,
गुस्ल देताना अब्बांची मूठ उघडली.
करंगळी होती.
आत दुमडलेली, वाळल्या शेंगेसारखी,
नखानं तळव्यात घर केलेलं.
दहा.
दोनदा मोजली मी.

चाळीस वर्षं.
केळी तोडताना, वजन करताना, जेवताना,
झोपेतसुद्धा?
माझ्या घशात काहीतरी आलं.
मग आठवलं, की सांगणारा मुनीर बागवान आहे,
आणि खाण तशी माती.

आता माझं.
इचलकरंजी खरी. बँक खरी.
माती द्यायला मात्र मी पोचलो नव्हतो.
एसटी हातकणंगल्यात बंद पडली,
किंवा मी तिच्यात बसलोच नव्हतो,
कुठलं घ्यायचं ते तुम्ही घ्या.
मग फाटकाशी मुनीर बोलला तो कुणाशी?
विचारून बघा त्याला.
तिसरा गाळा. आता तिथं
मोबाइलची कव्हरं मिळतात.

परवा काउंटरवर नोटा मोजत होतो.
काचेला नाक लावून एक पोरगं,
आजीबरोबर पेन्शनला आलेलं, म्हणालं,
काका, तुमचं एक बोट कुठाय?
मी पाहिलं.
नोटांवर चार.
पाचवं कधी आत वळलं
मला कळलं नव्हतं.
मागं रांग दारापर्यंत,
मॅनेजर केबिनमधून मान वर करून बघतोय.

म्हटलं, ये इकडं.
तुला म्हणून सांगतो.